धूर, अग्नी आणि जुनी व्हॅन

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय कळल्यावर मला दोन-तीन माजी विद्यार्थ्यांचे फोन आले. ‘सर, तुम्ही आम्हाला तर्कशास्त्र शिकवलंत, आता गॅरेज काढलं की काय?’ गॅरेज काढलेलं नाही. मला साधा प्लगसुद्धा काढता येत नाही. मी गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसणारा माणूस आहे. पण गेल्या वर्षी फाल्गुनात मी एका गॅरेजमध्ये पाच दिवस असा बसलो, आणि तीस वर्षं फळ्यावर जे लिहीत होतो ते तिथे मल्टिमीटरच्या दोन तारांमध्ये घडताना पाहिलं. ते तुम्हाला सांगायचं आहे.

माझा भाचा तळोद्याला असतो. तयार कपडे घेऊन आठवडे बाजार करतो. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा अशी त्याची फिरती. गाडी कोणती? मारुतीची ओम्नी, २००८ सालची. तुमच्यापैकी ज्यांचे केस माझ्यासारखे पांढरे आहेत त्यांना आठवेल, १९८४ मध्ये ही गाडी आली तेव्हा तिचं नाव नुसतं ‘मारुती व्हॅन’ होतं, ओम्नी हे नाव नंतरचं. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, आणि ते कुठे? पुढच्या सीटच्या खाली. म्हणजे ड्रायव्हर अक्षरशः इंजिनावर बसलेला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याचं काय होत असेल ते तुम्हाला सांगायला नको. २०१९ मध्ये ही गाडी बनणं बंद झालं, पण आपल्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून ती अजून गेलेली नाही.

तर या गाडीला रोग असा लागला. सकाळी एका चावीत सुरू. तळोद्याहून निघाली की पहिले दहा-पंधरा किलोमीटर झकास. चांदसैली घाटाला लागली आणि चांगली तापली, की धक्के द्यायला लागायची, मागून काळा धूर, पेट्रोलचा वास, आणि एखाद्या चढावर बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. अ‍ॅव्हरेज चौदावरून नवावर आलेलं. भाच्याचा फोन यायचा, ‘मामा, गाडी आज बी बंद पडी गयी.’ आणि हे कधी? होळीच्या तोंडावर. सातपुड्यातला भोंगऱ्या बाजार ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. कपडेवाल्याचा वर्षाचा निम्मा धंदा त्या आठवड्यात होतो. तो बाजार चुकला तर पुढचे सहा महिने उधारीवर काढावे लागतात.

आता थोडं मागे जाऊ. कार्ब्युरेटरच्या काळात असं झालं असतं तर मिस्त्रीनं झाकण उघडलं असतं, जेट फुंकलं असतं, स्क्रू पाव फेरा फिरवला असता. पेट्रोल किती जातंय हे डोळ्यांना दिसत होतं. मग प्रदूषणाचे नियम आले. दिल्ली परिसरात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं युरोपातली मानकं लवकर लागू झाली, २००० च्या एप्रिलपासून दुसरा टप्पा आला, आणि कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्टर आणि ईसीएम आले. ईसीएम म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत. त्याला फक्त व्होल्टेज कळतं. पाणी किती तापलं, हवा किती आली, थ्रॉटल किती उघडला, हे सगळं सेन्सर त्याला व्होल्टेजच्या भाषेत सांगतात, आणि त्यावरून तो ठरवतो की इंजेक्टर किती हजारांश सेकंद उघडायचा.

याचा फायदा मोठा आहे बरं का. तोरणमाळवर चढताना हवा विरळ होते. हजार मीटर वर गेलं की हवेचा दाब अकरा-बारा टक्क्यांनी कमी होतो. कार्ब्युरेटरला हे कळत नसे, तो खालच्या सपाटीइतकंच पेट्रोल ओतायचा. ईसीएमला दाबाचा सेन्सर ते सांगतो आणि तो पेट्रोल कमी करतो. तेव्हा ‘जुनं तेच सोनं’ असं मी म्हणणार नाही. फरक इतकाच, की पूर्वी बिघाड दिसत होता, आता त्याचं अनुमान करावं लागतं. प्रत्यक्ष संपलं आणि अनुमान सुरू झालं. माझा प्रांत तिथे सुरू होतो.

भाच्यानं पहिल्यांदा गाडी एका गॅरेजला नेली. त्यांच्याकडे स्कॅनर होता. त्यात कोड आला, पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचा. मिस्त्री म्हणाला, सेन्सर गेला. नवा बसवला. आणि गाडी सुधारली! पंधरा दिवस काही त्रास नाही. मग पुन्हा तेच. पुन्हा नेली, म्हणाले, नवा सेन्सर डुप्लिकेट निघाला असेल, दुसरा टाकू. टाकला. आठ दिवस चांगली, पुन्हा तेच. मग पेट्रोलचा पंप बदलला. त्यानं काहीच फरक पडला नाही. शेवटी सांगितलं, ‘ईसीएमच गेलाय,’ आणि भंगारातून आणलेला एक ईसीएम बसवला. आठवडाभर बरी, परत चढावर बंद. अकरा हजारांच्या वर गेले. मी त्या गॅरेजला नावं ठेवत नाही. त्यांनी जो तर्क केला तो शंभरातले नव्वद लोक करतील. त्यात कुठे फट आहे तेवढं पाहू.

ज्यांनी ‘तर्कसंग्रह’ वाचला असेल, आणि आपल्याकडे आठल्ये-बोडसांच्या १८९७ च्या आवृत्तीवर पिढ्या शिकल्या, त्यांना पर्वतावरचा धूर आठवेल. धूर दिसतो, म्हणून अग्नी आहे. हे बरोबर, कारण अग्नीशिवाय धूर नसतो. पण उलट? अग्नी आहे, म्हणून धूर आहे? चूक. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालभडक गोळा घ्या, अग्नी आहे, धूर नाही. मग स्वयंपाकघरात, शेकोटीत दरवेळी धूर का दिसतो? कारण तिथे ओलं लाकूड आहे. धुराचा खरा सोबती नुसता अग्नी नाही, अग्नीचा ओल्या इंधनाशी आलेला संबंध आहे. या लपलेल्या अटीला नैयायिकांनी नाव दिलं, उपाधी. आपण दोन गोष्टी सोबत पाहतो आणि नातं जोडतो, पण नातं असतं तिसऱ्याच गोष्टीशी, जी आपल्या नजरेतून सुटलेली असते.

आता गाडीकडे या. ‘नवा सेन्सर टाकला की गाडी चालते.’ दोनदा टाकला, दोनदा चालली. याला अन्वय म्हणतात, हे असताना ते असणं. मिस्त्रीजवळ अन्वय होता. मग ओलं लाकूड कुठे होतं? सेन्सर बदलताना आणखी काय घडतं, विचार करा. जुन्या सेन्सरवरचा कपलर ओढून काढावा लागतो आणि नव्यावर दाबून बसवावा लागतो. ईसीएम बदलतानाही तेच, सगळे कपलर काढायचे आणि घालायचे. ते करत होतो आपण दरवेळी, पण मोजत नव्हतो. पंप बदलला तेव्हा हे कपलर कुणी हलवले नाहीत, आणि तेव्हा गाडी सुधारलीही नाही!

हे मला सुचलं नाही हो. हे सुचलं नंदुरबारच्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनला. सगळे त्यांना चाचा म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी भाच्याला प्रश्न विचारले. थंड असताना कशी सुरू होते? बंद पडली की किती वेळानं सुरू होते? पावसाळ्यात सीटखाली पाणी गेलं होतं का? कोणकोणता पार्ट बदलल्यावर किती दिवस चालली? शेवटचं उत्तर ऐकून ते हसले आणि म्हणाले, ‘पार्ट नही बेटा, तुम्हारा हाथ लगा तो चली.’

मग त्यांनी गाडी तापवली, स्कॅनर लावला, पण कोड वाचला नाही. चालू आकडे पाहिले. रेडिएटरच्या पाइपला हात लावता येत नव्हता, आणि ईसीएमच्या मते पाण्याचं तापमान होतं चोवीस अंश.

हे नीट समजून घ्या, कारण सगळं याच्यात आहे. तापमानाचा सेन्सर म्हणजे तापल्यावर रोध कमी होणारा एक तुकडा. वीस अंशाला त्याचा रोध साधारण अडीच हजार ओहम, ऐंशी अंशाला साधारण तीनशे. ईसीएम त्याला पाच व्होल्ट देतो आणि परत काय येतं त्यावरून तापमान ओळखतो. आता समजा सेन्सर बिचारा खरं सांगतोय, तीनशे ओहम. पण वाटेत कपलरच्या पिनेवर हिरवी बुरशी आलीय, पकड सैल झालीय, आणि तिथे आणखी दोन हजार ओहमची भर पडतेय. ईसीएमपर्यंत काय पोचतं? तेवीसशे. तो समजतो, इंजिन थंड आहे. थंडीत सकाळी इंजिनाला जादा पेट्रोल लागतं, म्हणून तो उकळत्या इंजिनाला जादा पेट्रोल पाजत बसतो. प्लग ओले होतात, काळा धूर येतो, चढावर गाडी मरते. अर्ध्या तासात पेट्रोल उडून जातं आणि गाडी सुरू होते. आणि सकाळी? सकाळी इंजिन खरोखरच थंड असतं, जादा पेट्रोल हवंच असतं, म्हणून एका चावीत सुरू. सगळी लक्षणं एका धाग्यात बसली की नाही?

मग दिवा आधीच का नाही लागला? तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे थांबावंसं वाटतं. तार पूर्ण तुटली तर ईसीएमला उणे चाळीस अंश दिसतात. ते अशक्य आहे, म्हणून तो कोड नोंदवतो, दिवा लावतो आणि स्वतःहून एक ठरावीक तापमान धरून गाडी कशीबशी चालवतो. म्हणजे अशक्य खोटं त्याला पकडता येतं. पण ‘चोवीस अंश’ हे शक्य कोटीतलं खोटं आहे. ते तो पकडू शकत नाही. कोर्टातल्या वकिलांना हे विचारा. अचाट थाप मारणारा साक्षीदार लगेच सापडतो, बेताची थाप मारणारा शेवटपर्यंत टिकतो. इथेही असंच, एखाद्या खड्ड्यात पिन क्षणभर पूर्ण सुटली तेव्हा तो कोड नोंदला गेला होता, बाकी वेळ बेताची थाप चालू होती.

आणि कोड तरी काय म्हणत होता? तो म्हणत होता, तापमानाच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये काहीतरी चुकतंय. सर्किट म्हणजे सेन्सर, दोन तारा, कपलर, ईसीएममधला भाग, सगळं आलं. आपण ते ऐकलं, ‘सेन्सर गेला.’ शब्दप्रमाणात शब्द बरोबर होता, अर्थ आपण आपल्या सोयीचा घेतला.

आता सिद्ध कसं करायचं? अन्वय पुरत नाही, व्यतिरेक पाहिजे, म्हणजे ते नसताना हे नसणं. मिल यांनी १८४३ च्या ग्रंथात भेदपद्धती म्हणून जे मांडलं ते याच्या जवळचं आहे. एकच गोष्ट बदला, बाकी काहीही हलवू नका. चाचांनी बॅटरी सोडली, तापलेल्या सेन्सरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावला, तीनशेच्या आसपास. ठीक. मग सेन्सरला कपलर तसाच ठेवून, त्याच दोन तारा ईसीएमच्या टोकाला मोजल्या, दोन हजारांच्या वर. सेन्सर तोच, तापमान तेच, फरक फक्त वाटेचा. मग वाट तपासली. कपलरमधल्या एका पिनेचं तोंड उघडं पडलं होतं आणि मुळाशी हिरवट थर होता. पिन बदलली, तार नवी क्रिंप केली, पुन्हा मोजलं. दोन्हीकडे आकडा सारखा.

यापुढची गोष्ट मला फार आवडली. भाच्यानं पहिला, मूळचा सेन्सर टाकून दिला नव्हता, डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेला होता. चाचांनी नवा काढला आणि तो जुना, ‘गेलेला’ सेन्सर परत बसवला. मूळचा ईसीएमही परत बसवला. आणि म्हणाले, आता घाट चढवून आण. भाचा चांदसैली चढून, उतरून, पुन्हा चढून आला. धूर नाही, धक्का नाही. सेन्सर निर्दोष होता हे याहून स्पष्ट कसं सांगणार? मी वर्गात व्यतिरेकाची अनेक उदाहरणं दिली असतील, इतकं चोख एकही नव्हतं. भोंगऱ्या बाजार मिळाला, हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही ते विचाराल.

तुम्ही म्हणाल, सर, खरोखर ईसीएमच गेला तर? जातो, जरूर जातो. जुन्या गाड्यांत त्याच्या आतले छोटे कपॅसिटर वयानं गळतात आणि बाहेर आलेलं रसायन पट्टीवरच्या तांब्याच्या रेघा खातं. ऊन-थंडीनं सोल्डरचे टाके तडकतात, त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. पाणी शिरतं. हे सगळं बारीक हातानं दुरुस्त होतं. कपॅसिटर बदलता येतो, तुटलेल्या रेघेवर तार जोडता येते. इंजेक्टर किंवा कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर जळाला तर तोही बदलता येतो. मात्र तो का जळाला हे आधी पाहिलं पाहिजे. कॉइल आतून शॉर्ट असेल तर ती नवा ईसीएमसुद्धा त्याच संध्याकाळी जाळेल. मुख्य चिप गेली, तिच्यातला प्रोग्रॅम पुसला गेला, तर मात्र आपल्याकडचे बहुतेक कारागीर हात वर करतात, आणि ते प्रामाणिकपणानं करतात.

पण चाचांचा नियम असा की ईसीएमवर संशय सगळ्यात शेवटी. आधी त्याला जेवायला मिळतंय का ते पाहायचं. बारा व्होल्ट पोचतात का, आणि अर्थिंग धड आहे का. अर्थिंग ओहममध्ये मोजून उपयोग नाही बरं का, इथे बरेच जण फसतात. तारेतल्या वीस धाग्यांपैकी एकच धागा शाबूत असेल तरी मीटर शून्य ओहम दाखवतो, कारण मीटर अगदी थोडाच करंट सोडतो. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, बॅटरीचं निगेटिव्ह आणि ईसीएमची अर्थ पिन यांच्यामध्ये व्होल्टेज मोजायचं. तिथे एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग आजारी आहे. मीटर दोन्ही वेळा खरंच बोलतो. पहिल्या वेळी आपण प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो.

तसंच ते पाच व्होल्टचं. एकच पाच व्होल्टची तार दोन-तीन सेन्सरना जाते. त्यातला एखादा आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे पाच व्होल्ट बसतात आणि ईसीएम मेल्यासारखा वाटतो. सेन्सरचे कपलर एकेक करून काढायचे. ज्याचा काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात, तो चोर. पुन्हा व्यतिरेकच. आणि एकाच दिवशी दोन-तीन सेन्सरचे कोड आले तर ते सगळे एकदम कसे मरतील? त्यांचं सामायिक काय आहे ते शोधायचं.

आपल्या भागात आणखी दोन उपाधी आहेत. एक उंदीर. ऊस-केळीच्या शेताजवळ उभी असलेली गाडी त्यांना प्रिय. दुसरी, नंतर बसवलेलं गॅस किट. ते बसवताना इंजेक्टरच्या तारा कापून मध्ये जोड दिलेले असतात, आणि ते जोड नुसते पिळून वर चिकटपट्टी मारलेले असतील तर चार-पाच पावसाळ्यांनी त्यांचं काय होतं, तुम्हीच सांगा.

चाचांकडे या गाडीच्या वायरिंगचा नकाशा आहे. झेरॉक्सची झेरॉक्स, घड्यांवर फाटलेली, वर तेलाचे डाग. कोणती तार कोणत्या पिनेला हे त्याच्यावाचून कळणारच नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या अधिकारावर समिती नेमली, त्यात मोटारगाड्यांचाही समावेश केला. माझं मत विचाराल तर अशा नकाशांपासून सुरुवात व्हावी. पार्ट स्वस्त झाला नाही तरी चालेल. कोणता पार्ट बदलायचा नाही हे कळलं तर निम्मा खर्च वाचतो.

बरं, वेळ झालाय. प्रश्न घेऊ.

(एका श्रोत्यानं विचारलं, साधा स्कॅनर विकत घ्यावा का?)

आधी मल्टिमीटर घ्या. दुकानात पाचशे रुपयांच्या आत मिळतो. त्या काळच्या गाडीशी बाजारातला स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुधा बोलतच नाही, तिला तिच्या कंपनीची भाषा येणारा लागतो. ज्याच्याकडे तो आहे त्याच्याकडे जा, पण ‘कोड वाचा’ म्हणू नका. ‘चालू आकडे दाखवा’ म्हणा. आणि गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, सुरू करायच्या आधी जा. त्या वेळी पाण्याचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसलं पाहिजे, आणि बाहेरच्या हवेइतकं. नाही दिसलं तर दोघांपैकी कुणीतरी थाप मारतोय.

(मागून एक बाई: पंधरा वर्षांची गाडी, एवढा खटाटोप कशाला? भंगारात का नाही देत?)

ताई, प्रश्न रास्त आहे. माझ्या बहिणीनं हाच विचारला होता. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायला २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेऐवजी पाच हजार रुपये लागतात, फिटनेस तपासणी वेगळी. भाच्यानं ते भरले होते. पत्रा गंजला असता, चासीला तडा असता, तर मीच म्हणालो असतो, दे. चालवणाऱ्याच्या जिवापुढे अकरा हजार काय आहेत? पण इथे गाडी भंगारात जाणार होती ती एका पिनेसाठी, आणि तीही न शोधता.

(त्या भंगारातून आणलेल्या ईसीएमचं काय झालं?)

हां. तो चाचांनी नंतर भाच्याच्या गाडीलाच लावून पाहिला. पिन दुरुस्त झाल्यावर. गाडी त्याच्यावरही उत्तम चालली. म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्या गाडीतून तो ‘गेला’ म्हणून काढला होता, आणि तो गेलेला नव्हता. त्या गाडीत खरं काय बिघडलं होतं, देव जाणे. आता तो भाच्याच्या दुकानात कपड्यांच्या गठ्ठ्यांमागे फडक्यात गुंडाळून ठेवलाय. कुणाला हवा असेल तर सांगा, पण आधी चाचांना गाडी दाखवून या.